टॉमहॉकच्या पायवाटेवर: अमेरिकी सरहद्दीची जुनी कॉमिक्स जमवायला निघालेल्या नवख्यांसाठी

रॅकूनच्या कातड्याची टोपी, झालरीचा चामडी अंगरखा, हातात लांब नळीची बंदूक आणि समोरच्या झाडीत लाल डगलेवाले इंग्रज शिपाई. असं मुखपृष्ठ पाहून माणूस या कॉमिक्सच्या नादी लागतो आणि पहिल्याच खरेदीत हात पोळून घेतो. कधी काळच वेगळा निघतो, कधी हवा तो अंक नसून त्याचं पुनर्मुद्रण निघतं, तर कधी अंक बरोबर असतो पण कागद इतका संपलेला की पान उलटताना कोपरा हातात येतो. खालच्या पायऱ्या क्रमाने गेलात तर यातलं बरंच टळेल. पैसे पाचव्या पायरीनंतरच काढायचे आहेत.

आधी हे जमवा

- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी
- मऊ पेन्सिल आणि वही (किंवा मोबाइलवरचा साधा तक्ता)
- सीबीझेड आणि सीबीआर (कॉमिकच्या पानांची चित्रं एकत्र बांधलेल्या) फायली उघडणारं वाचन-ॲप
- पॅन किंवा आधार, कारण परदेशी पार्सल सोडवताना कुरिअरवाले ओळखपत्र मागतात
- परदेशी व्यवहार चालू केलेलं कार्ड
- पिशव्या, पुठ्ठे आणि सिलिका जेल. ही खरेदी अंक यायच्या आधी करायची.

1. काळ नक्की करा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘फ्रंटियर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काउबॉय येतो. पण ज्या सरहद्दीबद्दल आपण बोलतोय ती अ‍ॅपलेशियन डोंगररांगांच्या आसपासची, घनदाट जंगलातली, अठराव्या शतकातली. इथे सहाबारी पिस्तूल नाही, रेल्वे नाही, वाळवंट नाही.

तीन तारखा लक्षात ठेवा. 1754 ते 1763 हे फ्रेंचांशी आणि त्यांच्या मूलनिवासी मित्रांशी झालेलं युद्ध. 1763 मध्ये इंग्लंडच्या राजाने डोंगरांच्या पलीकडे वसाहतवाल्यांनी वस्ती करू नये असा फतवा काढला, तो बहुतेकांनी धाब्यावर बसवला. 1775 ते 1783 हे स्वातंत्र्ययुद्ध. आपल्याला पाहिजे असलेल्या गोष्टी जवळपास सगळ्या या तीस वर्षांत घडतात.

आपल्याकडची खूण हवी असेल तर पहिलं इंग्रज-मराठा युद्ध घ्या. सुरतेचा तह 1775 चा, वडगाव 1779 चं, सालबाईचा तह 1782 चा. म्हणजे कॉमिकमधला नायक तिकडे लाल डगल्यांना जंगलात गाठत होता, तेव्हा इकडे मावळात तेच चाललं होतं. यॉर्कटाउनला 1781 मध्ये ज्याच्या फौजेने शस्त्रं टाकली, तो कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला आणि टिपूविरुद्ध मराठ्यांना बरोबर घेऊन लढला. रेंजर म्हणजे जंगलात दबा धरून लढणाऱ्या छोट्या तुकड्या. त्यांचं लढणं समजावून घ्यायला ‘गनिमी कावा’ हा एक शब्द पुरतो.

*इथला सापळा:* डेव्ही क्रॉकेट. टोपी तीच, अंगरखा तोच, पण हा माणूस जन्मला 1786 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर, आणि मेला 1836 मध्ये टेक्ससमधल्या अलामोच्या लढाईत. 1954 च्या डिसेंबरात टीव्हीवर त्याची मालिका आली आणि टोप्यांची अशी लाट उसळली, की पुढच्या वर्ष-दोन वर्षांत प्रत्येक प्रकाशकाने त्याची कॉमिक्स काढली. चांगली आहेत, पण वसाहतकाळातली नाहीत. पश्चिमेचा वाटाड्या किट कार्सन तर आणखी पुढचा. डॅनियल बून (1734–1820) मात्र आपल्या काळातला. त्याने केंटकीत बून्सबरो वसवलं ते 1775 मध्ये.

2. मालिका निवडा, एकच

सुरुवातीला चार मालिकांच्या मागे लागलात तर एकही धड जमत नाही. निवडायला या:

टॉमहॉक. या विषयातली सर्वांत लांब चाललेली अमेरिकी मालिका म्हणून हीच धरावी. डीसी या, सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या, अमेरिकी प्रकाशकाच्या ‘स्टार स्पँगल्ड कॉमिक्स’च्या 69 व्या अंकात, जून 1947 मध्ये हे पात्र आलं. लेखन जो सॅमॅकसन, चित्रं एडमंड गुड. स्वतःच्या नावाचं मासिक सप्टेंबर-ऑक्टोबर 1950 ला सुरू झालं आणि 140 व्या अंकावर, मे-जून 1972 ला थांबलं. नायक टॉम हॉक, सोबतीला डॅन हंटर नावाचा पोरगा. बहुतेक काळ चित्रं फ्रेड रे यांची. रे यांना जुन्या गणवेशांचा आणि हत्यारांचा नाद होता, त्यामुळे बंदुकीचा चाप, पट्ट्याचं बक्कल, दारूचं शिंग यांत त्यांची रेघ चुकत नाही.

व्हाइट इंडियन. मॅगझीन एंटरप्रायझेस या प्रकाशकाच्या ‘ड्युरांगो किड’ या काउबॉय मासिकाच्या मागच्या पानांत 1949 पासून येणारी मालिका. फिलाडेल्फियाचा डॅन ब्रँड आणि टिपी हा मुलगा. पहिल्या सोळा अंकांत चित्रं फ्रँक फ्राझेटा यांची. गोष्टी सात-आठ पानांच्या, चित्रकार विशीतला, आणि रेषेत नुसती वीज आहे.

क्लासिक्स इलस्ट्रेटेड. गाजलेल्या कादंबऱ्या कॉमिकच्या रूपात देणारी मालिका. 1757 च्या फोर्ट विल्यम हेन्रीच्या वेढ्यावरची जेम्स फेनिमोर कूपरची प्रसिद्ध कादंबरी ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ यांनी चौथ्या क्रमांकावर 1942 मध्ये काढली. त्याच लेखकाच्या आणखी गोष्टीही पुढे आल्या. वाचायला सोपं, ओळखायला महाकठीण. कारण पायरी 4 मध्ये.

डीसीच्या छोट्या मालिका. ‘लेजंड्स ऑफ डॅनियल बून’ आणि ‘फ्रंटियर फायटर्स’, दोन्ही 1955 ला सुरू, दोन्हींचे आठ-आठ अंक. पूर्ण संच जमवण्याचं समाधान लवकर हवं असेल तर बून घ्या. ‘फ्रंटियर फायटर्स’मध्ये क्रॉकेट, कार्सन, बफेलो बिल आहेत, म्हणजे वर सांगितलेला घोळ. गोल्ड की या दुसऱ्या प्रकाशकाचं ‘डॅनियल बून’ 1965 ते 1969 मधलं, पंधरा अंकांचं. ते टीव्ही मालिकेवर बेतलेलं आहे आणि मुखपृष्ठावर नटाचा फोटो असतो.

इटालियन वाचता येत असेल किंवा नुसती चित्रं पाहायची असतील तर 1954 चा ‘ब्लेक’ आणि 1966 चा ‘कमांडंट मार्क’. दोन्ही एसेजेसे या तिघांच्या चमूची, दोन्हींत शत्रू लाल डगलेवालेच. इटालियन चित्रकार ह्यूगो प्रॅट यांच्या ‘टिकंडेरोगा’ आणि ‘व्हीलिंग’ या अर्जेंटिनात निघालेल्या मालिका तर चित्रकलेच्या दृष्टीने या सगळ्यांच्या वर आहेत, असं माझं स्पष्ट मत. पण सुरुवात तिथून करू नका. मूळ अंक मिळणं दुरापास्त.

नवख्याने टॉमहॉक धरावा. अंक भरपूर छापले गेले, निदान 1960 नंतरचे तरी सहज मिळतात.

3. आधी फुकट वाचा

मॅगझीन एंटरप्रायझेसची जुनी कॉमिक्स स्वामित्वहक्काच्या बाहेर गेलेली मानली जातात. ‘डिजिटल कॉमिक म्युझियम’ आणि ‘कॉमिक बुक प्लस’ या दोन संकेतस्थळांवर ‘ड्युरांगो किड’चे अंक शोधा आणि व्हाइट इंडियनच्या पाच-सहा गोष्टी वाचून काढा. पहिल्या स्थळावर उतरवून घ्यायला मोफत खातं उघडावं लागतं. फाइल सीबीझेड असेल तर ती साधी झिप असते. नावाच्या शेवटचं cbz बदलून zip केलं की चित्रं सुटी काढता येतात.

टॉमहॉक असा मिळणार नाही. तो डीसीचा, हक्क शाबूत आहेत. इकडेतिकडे फिरणाऱ्या फायली चोरीच्या, शिवाय त्यांचे रंग संगणकावर इतके ‘सुधारलेले’ असतात की मूळ छपाई कशी होती याचा डोळ्याला चुकीचा सराव होतो. आपल्याला तो सराव पुढे प्रत तपासताना लागणार आहे.

या गोष्टी वाचून मजा आली नाही, तर इथेच थांबा. पैसे वाचले.

4. अंक ओळखायला शिका

मुखपृष्ठावरचा मोठा आकडा आणि महिना यांवर विसंबू नका. खरी माहिती पहिल्या पानाच्या किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. त्यात मासिकाचं अधिकृत नाव, क्रमांक, महिना, प्रकाशकाचा पत्ता असतो. विक्रेत्याकडे पहिला फोटो मागायचा तो याच ओळींचा.

मुखपृष्ठावरचा महिना हा दुकानातून अंक परत पाठवायचा महिना समजा. अंक प्रत्यक्षात साधारण दोन महिने आधी विक्रीला यायचा.

किंमत हे घड्याळ आहे. डीसीच्या अंकावर 10 सेंट असतील तर तो 1961 अखेरपर्यंतचा. 12 सेंट म्हणजे त्यानंतरचा, 1969 पर्यंतचा. मग 15. 1971 च्या उत्तरार्धात 25 सेंट आणि जाडजूड अंक. या 25 सेंटवाल्या टॉमहॉककडे लोक दुर्लक्ष करतात, पण जादा पानं भरायला त्यांत जुन्या गोष्टी पुन्हा छापल्या आहेत. कमी पैशांत जुना माल वाचायचा असेल तर हे अंक उचला. वरच्या उजव्या कोपऱ्यात कॉमिक्स कोडचा (प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीचा) शिक्का दिसला तर अंक 1955 किंवा त्यानंतरचा. डीसीच्या अंकावर शिक्का नसेल तर तो कोडपूर्व, आणि त्या गोष्टींत मारामारी जरा जास्त रांगडी असते.

आता ठराविक गफलती.

*रॉबिनच्या आड लपलेला टॉमहॉक.* ‘स्टार स्पँगल्ड’च्या 69 ते 95 या अंकांच्या मुखपृष्ठावर बॅटमॅनचा जोडीदार रॉबिन आहे, टॉमहॉक आत. 96 पासून 121 पर्यंत मुखपृष्ठ टॉमहॉकचं. नुसती मुखपृष्ठं पाहत गेलात तर पहिले सव्वीस-सत्तावीस अंक हातचे जातात. आणि ते घ्यायला गेलात तर किंमत रॉबिनची मोजावी लागते. नवख्याने 96 च्या पुढचे पाहावेत. 1950 च्या दशकात ‘वर्ल्ड्स फाइनेस्ट’च्या मधल्या पानांतही टॉमहॉक यायचा, तिथे किंमत सुपरमॅन-बॅटमॅनची.

*पहिला अंक, क्रमांक 11.* ‘व्हाइट इंडियन’ नावाचं स्वतंत्र मासिक 1953-54 मध्ये निघालं ते थेट 11 पासून, आणि 15 ला संपलं. एक ते दहा शोधत बसू नका, ते अस्तित्वातच नाहीत. 11 ते 13 मध्ये फ्राझेटा यांच्या जुन्या गोष्टींचं पुनर्मुद्रण आहे. एकत्र वाचायला हे तीन अंक फार सोयीचे.

*क्लासिक्सचा मलपृष्ठी हिशोब.* ही मालिका वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापली गेली आणि आत तारीख बहुतेकदा पहिल्या आवृत्तीचीच राहिली. म्हणून मलपृष्ठावरची मागणी-यादी पाहायची. त्या यादीत सर्वांत मोठा क्रमांक कोणता? तो अंकाच्या स्वतःच्या क्रमांकाच्या अगदी जवळ असेल तर आवृत्ती पहिली असण्याची शक्यता. यादी 100 च्या पुढे गेली असेल तर तुमच्या हातात नंतरची छपाई आहे, समोर 1942 लिहिलेलं असलं तरी. दुसरी खूण मासिकाच्या नावाची: मार्च 1947 च्या आधी नाव ‘क्लासिक कॉमिक्स’ होतं. तिसरी चित्राची: रंगवलेली तैलचित्रासारखी मुखपृष्ठं 1951 पासून आली, त्याआधी रेखाचित्रं. चौथ्या क्रमांकावर रंगवलेलं मुखपृष्ठ आणि 15 सेंट किंमत असेल आणि विक्रेता ‘1942 ओरिजिनल’ म्हणत असेल, तर नमस्कार करून पुढे जा.

*काळी-पांढरी भावंडं.* टॉमहॉकची पुनर्मुद्रणं ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातही निघाली. आतली पानं काळी-पांढरी, किंमत पेन्स-शिलिंगात. ती नकली नव्हेत, पण अमेरिकी अंकही नव्हेत. याउलट अमेरिकी अंकावरच 9 पेन्सचा शाईचा गोल शिक्का मारलेला असेल तर तो ब्रिटनमध्ये विकला गेलेला मूळ अंकच. किंमत थोडी कमी पडते एवढंच.

शंका आली की ‘ग्रँड कॉमिक्स डेटाबेस’ उघडा. मुखपृष्ठाचं चित्र, पानसंख्या, प्रत्येक गोष्टीचा चित्रकार आणि ती पुढे कुठे पुन्हा छापली, हे सगळं तिथे सापडतं.

5. प्रत तपासा

दर्जा दहाच्या मापावर मोजतात: 9.4 म्हणजे जवळपास नवी, 8 व्हेरी फाइन, 6 फाइन, 4 व्हेरी गुड, 2 गुड. हो, ‘गुड’ म्हणजे दहापैकी दोन. कणा फाटत आलेला, कोपरे गोल झालेले, तरी पानं सगळी आहेत अशी प्रत. नवखे लोक ‘गुड कंडिशन’ वाचून पैसे भरतात आणि पार्सल उघडून कपाळाला हात लावतात. वाचायला आणि जपायला 3 ते 4 च्या प्रती योग्य. पेटीबंद, सीलबंद दर्जा दिलेल्या प्रती घेऊन करायचं काय? उघडता येत नाहीत.

विक्रेत्याकडून मागायचे फोटो: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मुखपृष्ठाची आतली बाजू, मधली घडी, आणि तळाची बारीक अक्षरं. त्यात काय पाहायचं ते आता बारकाईने.

*पानं मोजा.* 1960 च्या दशकातल्या अंकात मुखपृष्ठ सोडून 32 पानं. म्हणजे आठ मोठे कागद, मधोमध दुमडून दोन पिनांनी टाचलेले. पान 16 आणि 17 च्या मध्ये पिना दिसल्या पाहिजेत. मधला कागद निसटला की चार पानं एकदम जातात, आणि वरून काहीच कळत नाही. 1950 च्या सुरुवातीच्या अंकांवर ‘52 पानं’ असं छापलेलं असे. तो आकडा मुखपृष्ठाची चार धरून आहे, आत 48 हवीत.

*कूपन शोधा.* पोरं जाहिरातीतलं कूपन कापून खेळण्यातले सैनिक मागवायची. कापलेल्या चौकोनाच्या मागे जाहिरातच असेल तर ठीक. पण बऱ्याचदा मागे गोष्टीची चौकट असते आणि नेमकी झुंज कापलेली निघते. ‘सर्व पानं आहेत’ हे विक्रेत्याचं वाक्य खरं असूनही हे घडतं. प्रश्न असा विचारा: कुठलाही तुकडा कापलेला आहे का?

*मुखपृष्ठाचा वरचा भाग.* न खपलेल्या अंकांचे पैसे परत मिळवायला दुकानदार मुखपृष्ठ किंवा त्यावरची नावाची पट्टी फाडून वितरकाला धाडत. उरलेला अंक रद्दीच्या भावाने विकला जाई. नावाशिवायच्या प्रती म्हणून दिसतात. वाचायला चालतील, किंमत मात्र तशीच हवी.

*रंगरंगोटी.* कण्यावरच्या पांढऱ्या रेघा काळ्या मार्करने झाकतात. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, नेमक्या त्याच जागी, शाई पाझरलेली दिसते. म्हणून आतल्या बाजूचा फोटो. भिंगाखाली मूळ छपाईचे ठिपके असतात, मार्करचा थर सपाट असतो.

*छाटणी.* झिजलेली कड सरळ कापून प्रत ताजी दाखवतात. पट्टी लावा. 1960 च्या दशकातली प्रत सुमारे सात इंच रुंद, साडेदहाच्या थोडी आतबाहेर उंच. 1940 च्या दशकातली अर्धा-पाऊण इंच अधिक रुंद. कड संशयास्पद धारदार आणि आकार लहान असेल तर सोडून द्या.

*पिना.* तांबूस गंज पिनेपुरता असेल तर चालेल. गंजाचा डाग कागदात पसरला असेल तर तिथला कागद कुजलेला असतो आणि मधला कागद सुटणार हे नक्की.

*कागद.* हा वर्तमानपत्राचाच कागद. लाकडाचा लगदा, त्यात लिग्निन, त्याचं हवेत आणि उजेडात आम्ल होतं, कागद पिवळा, मग तपकिरी, मग पापडासारखा. पिवळा चालतो. तपकिरी झालेल्या कडांवर बारीक तुकडे पडलेले दिसले तर ती प्रत काही वर्षांचीच सोबती. आम्लाने गेलेला रंग परत येत नाही. ‘पानं पांढरी करून देतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात दूर.

6. मागवा

कार्ड नवीन असेल तर परदेशी व्यवहार बँकेने मुळातच बंद ठेवलेले असतात; रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे ते ॲपमधून आपण चालू करायचे. काम झालं की बंद करा.

एक अंक पिशवी-पुठ्ठ्यासह साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास जातो, आणि टपालखर्चात पहिला टप्पाच सगळ्यात महाग असतो. म्हणून एकेक अंक कधीच नाही. एकाच विक्रेत्याकडून आठ-दहा अंक, एका खोक्यात. विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी सांगा: दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा, एका पुठ्ठ्याची पन्हळ आडवी तर दुसऱ्याची उभी, आणि पूर्ण गठ्ठा प्लास्टिकमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये मागवत असाल तर हा तिसरा मुद्दा दोनदा सांगा.

‘भेटवस्तू लिहून पाठवतो, कर लागणार नाही’ असं विक्रेते आपुलकीने म्हणतात. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर ही सवलत डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली आहे. ‘जुनी छापील मासिकं’ असं खरं वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा. खोट्या किमतीचं पार्सल अडकलं तर सोडवताना जास्त जातं, आणि हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीचीच मिळते.

7. पार्सल आल्यावर

खोका उघडताना व्हिडिओ घ्या. प्रत लगेच कपाटात घालू नका. एक दिवस खोलीतल्या हवेत, पिशवीतच राहू द्या. मग टेबलावर पानं मोजा, वाळवी-कसर पाहा. किडीची शंका असेल तर हवाबंद प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे, बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस तशीच बंद. आधी उघडलीत तर दव कागदावर बसतं.

कुबट वास येत असेल तर मोठ्या झाकणाच्या डब्यात प्रत उभी करा आणि शेजारी वाटीत खायचा सोडा ठेवा. सोडा कागदाला लागता कामा नये. उन्हात ठेवू नका, अत्तर-डांबरगोळ्या तर नकोच. त्या वासावर दुसरा वास चढतो आणि दोन्ही राहतात.

आपल्याकडचे तीन घरगुती इलाज या कॉमिक्सचे वैरी आहेत: सेलोटेप, इस्त्री आणि बाइंडिंग. टेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन आरपार उतरतो. इस्त्रीने घडी जाते आणि तिच्याबरोबर मुखपृष्ठाची चकाकीही. दिवाळी अंकांचं बाइंडिंग करायची हौस असते तशी इथे केलीत, तर बाइंडर तीन बाजूंनी कापणार आणि कण्यात भोकं पाडणार.

8. वाचताना काय पाहाल

हात धुऊन कोरडे करा. सुती हातमोजे नकोत, बोटांना कागद कळत नाही आणि पान फाटतं. अंक टेबलावर, पूर्ण सपाट न उघडता.

टॉमहॉकचे तीन अवतार आहेत. 1950 च्या दशकात साध्या हेरगिरीच्या, किल्ल्यांच्या, वाटाड्यांच्या गोष्टी. वेष बदलण्यात पटाईत लॉर्ड शिलिंग हा खास वैरी. दशक संपताना आणि त्यानंतरच्या काही वर्षांत जंगलात डायनोसॉर, परग्रहवासी आणि किंग कोलोसो नावाचा महाकाय गोरिला अवतरतो. हा काळ काही जण टाकाऊ मानतात. नुसता गंमत म्हणून एक अंक जरूर घ्या, दुसरा घ्यायची गरज पडणार नाही. याच सुमारास बिग अ‍ॅन्व्हिल, फ्रेंची, स्टोव्हपाइप असे गडी असलेली रेंजर तुकडी तयार होते आणि मिस लिबर्टी ही मुखवट्याची नायिका येते. मग 116 व्या अंकापासून नील अ‍ॅडम्स यांची काही देखणी मुखपृष्ठं आणि 131 पासून जो क्यूबर्ट यांचं संपादन: टॉमहॉक म्हातारा, बायको मूलनिवासी, आणि नायक त्यांचा मुलगा हॉक. लेखन रॉबर्ट कानिगर, चित्रं फ्रँक थॉर्न. दहा अंकांची ही अखेर सर्वांत प्रौढ आहे. सुरुवात इथून करा असंच मी सांगेन.

एक चौकट हातात घेऊन पाहू. न्यूयॉर्कच्या मोहॉक खोऱ्यातलं इरोक्वॉय या मूलनिवासी लोकांचं गाव दाखवलंय: शंकूसारखे चामड्याचे तंबू, प्रमुखाच्या डोक्यावर पाठीपर्यंत लोंबणारा पिसांचा मुकुट, मागे सपाट माळरान. सगळंच चूक. हे लोक झाडांच्या सालीने मढवलेल्या लांबच लांब घरांत राहत, एका घरात अनेक कुटुंबं, शेती करत, आणि तो मुकुट शेकडो मैल पश्चिमेच्या माळरानी लोकांचा. काउबॉय सिनेमांमुळे चित्रकारांच्या हाताला तेच वळण लागलं होतं. त्यांच्या तोंडी घातलेली मोडकी इंग्रजी आणि कातडीचा विटकरी रंग हेही त्याच खात्यातलं. वाचताना हे दिसलं पाहिजे, नाहीतर कॉमिकमधला इतिहास खरा वाटू लागतो.

दुसरी परीक्षा बंदुकीची. चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने उडणारी ती बंदूक एका वेळी एकच बार काढते. सराईत शिपाई साध्या मस्केटने मिनिटाला तीनेक बार काढे, लांब रायफलला त्याहून बराच वेळ लागे. नायकाने एका चौकटीत तीन शत्रू टिपले, तर ती गोष्ट घाईत लिहिलेली. फ्रेड रे यांच्या चांगल्या गोष्टींत बार काढल्यावर बंदूक उलटी धरून दांडक्यासारखी वापरतात किंवा कुऱ्हाड बाहेर येते, तेच बरोबर.

9. जपणूक, पावसाळा धरून

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते, आणि कागदाला हवी असते पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता. इंद्रजालचे वेताळाचे जुने अंक ज्यांच्याकडे टिकलेत, त्यांच्या पिना पाहा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असेल तर पाच-सहा वर्षांनी बदलायची; मायलरची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची) असेल तर बदलावी लागत नाही, पण महाग. पीव्हीसीची कधीच नको, ती कागदाला चिकटते. 1960 च्या दशकातल्या अंकांना सव्वासात इंचांच्या आसपासची पिशवी, 1940 च्या दशकातल्यांना पावणेआठची. आजच्या मापाची पिशवी घेतलीत तर जुना अंक आत जाताना कडा दुमडतात. पुठ्ठा आम्लमुक्त, कॅल्शियम कार्बोनेट घातलेला हवा. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा स्वतःच आम्ल सोडतो.

अंक खोक्यात उभे ठेवा, झुकू देऊ नका. ढीग रचला तर खालच्यांचा कणा वळतो. खोकं बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, जमिनीवर नको, देवघराजवळ नको. उदबत्तीचा धूर कागदात बसतो. खोक्यात रंग बदलणारं सिलिका जेल टाका. रंग उतरला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकदा बघायचं, एरवी दोन महिन्यांनी.

पिशवीत घालण्याआधी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला क्रमांक, घेतल्याची तारीख, दिलेली किंमत आणि पिशवी कधी बदलली ते लिहून ठेवा. पेन्सिलीने. पेनची शाई दमट हवेत पुठ्ठ्यातून मलपृष्ठावर उतरते.